माघ सरला की दुर्बीण काढा: गोव्यात पहिल्यांदा पक्षी बघायला जाणाऱ्यांसाठी

गोव्यात पक्षी बघायला कधी सुरुवात करावी असं विचारलं तर बहुतेक जण डिसेंबर सांगतील. माझं मत वेगळं आहे. नवख्या माणसाने फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे दिवस धरावेत, म्हणजे माघ सरतोय आणि शिगम्याचे ढोल वाजायला लागलेत तो काळ. डिसेंबरात पाहुणे पक्षी भरपूर असतात, पण चिखलात फिरणारे बहुतेक सगळे सारख्याच राखाडी-तपकिरी रंगाचे दिसतात, आणि इथले कायमचे रहिवासी गप्प असतात. फाल्गुनात पाहुणे अजून गेलेले नसतात, त्यांतले काही निघण्याआधी रंग बदलू लागतात, आणि आपल्या परसातले पक्षी ओरडून ओरडून स्वतःची ओळख करून देतात. शिवाय काटेसावर, पळस, पांगारा ही झाडं पानं टाकून नुसती फुलांवर उभी असतात. पानंच नाहीत, तर पक्षी लपणार कुठे?

म्हणून खाली जे सांगितलंय ते सगळं या सहा आठवड्यांना धरून आहे. नोव्हेंबरात निघणार असाल तर काही गोष्टी बदलतील.

दुर्बीण आधी घरात जुळवून घ्या

दुर्बिणीशिवायही पक्षी बघता येतात, पण तळ्यावर नाही. घ्यायचीच असेल तर ८×४२ किंवा ८×४० घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १०×५० किंवा त्याहून मोठी पुढे करेल. घेऊ नका. जास्त पट म्हणजे हात थोडा हलला तरी चित्र थरथरणार, आणि नजरेत मावणारा भागही लहान होणार. नवख्याची खरी अडचण पक्षी लहान दिसतो ही नसतेच, पक्षी दुर्बिणीत सापडत नाही ही असते. सहा ते दहा हजार रुपयांत कामाची दुर्बीण मिळते. पहिल्या दोन-तीन सकाळी कोणाची तरी मागून नेलीत तरी चालेल.

मागून आणलेली असो की विकतची, जुळवणी मात्र आदल्या संध्याकाळी करा. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एक गोल करा. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली दाबा, नसेल तर वर काढा. आता समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी निवडा. उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्यापाशी जी छोटी कडी असते तीच फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. झालं. ही कडी पुन्हा हलवायची नाही, पुढे सगळं काम मधल्या चाकाने. हे न करता तळ्यावर गेलेले लोक अर्ध्या तासात डोकं दुखतंय म्हणतात आणि दोष दुर्बिणीला देतात.

दुसरा सराव असा: नारळाच्या झापावर कावळा बसलेला दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. आधी दुर्बीण लावून मग कावळा शोधायचा नाही. गच्चीत वीसेक वेळा केलंत की हात आपोआप बसतो.

दिवस निवडताना पंचांग बघा

गोड्या पाण्याच्या तळ्याला भरती-ओहोटीशी देणंघेणं नाही. पण मोरजीचा किनारा, चोडणची खारफुटी किंवा कुठल्याही खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीचा, बांध निवडणार असाल तर ओहोटीचा हिशेब आधी, अलार्म नंतर. किनाऱ्यावरचे चिखल्या, तुतवार, टिलवे हे सगळे उघड्या पडलेल्या चिखलात आणि ओल्या वाळूत खातात. पूर्ण भरतीला ते कुठेतरी कोरड्या जागेवर एका पायावर झोपलेले असतात.

कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशेब इथे चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहा वाजता, पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर सव्वाअकराला. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला पहाटे पाणी काठोकाठ आणि चिखल उघडा पडेपर्यंत ऊन चढलेलं, ती सकाळ किनाऱ्यावर वाया जाते. त्रयोदशीपासून पुढच्या पक्षातल्या द्वितीया-तृतीयेपर्यंतच्या सकाळी चांगल्या. त्यातही चढतं पाणी असलेली वेळ धरा: लांब पसरलेले पक्षी पाण्यासोबत तुमच्याकडे सरकत येतात, तुम्हाला त्यांच्यामागे जावं लागत नाही. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं. अंदाजाला तिथी पुरते.

सूर्योदय मार्चच्या सुरुवातीला सातला पाच-सात मिनिटं कमी असताना होतो, महिनाअखेर साडेसहाच्या आसपास. त्याच्या अर्धा तास आधी जागेवर असायला हवं.

पहिली सकाळ कुठे घालवायची

करमळीचं तळं. तिसवाडीत राहणाऱ्याला तर दुसरा विचारच नको, पण मडगाव किंवा म्हापशाहूनही इथेच या. जुन्या गोव्यापासून जवळ, कोकण रेल्वेचं करमळी स्थानक तळ्याला लागून, आणि पाणी उघडं असल्यामुळे पक्षी पानाआड जात नाही. नवख्याला तोच पक्षी पाच मिनिटं सलग बघायला मिळणं फार महत्त्वाचं आहे, आणि ते जंगलात होत नाही. दक्षिणेकडच्यांना कुडचड्याचं नंदा तळं जवळ पडेल. २०२२ साली ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, गोव्यातलं ते पहिलंच.

मार्च पुढे सरकतो तसं तळ्यांचं पाणी वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेतीला जातं आणि उन्हानेही आटतं. कडेला चिखल उघडा पडतो, बदकं मधल्या पाण्यात गोळा होतात. तुम्हाला हे फायद्याचंच.

आता सकाळचा क्रम. काठ असा निवडा की सूर्य तुमच्या पाठीशी राहील, नाहीतर समोरचे सगळे पक्षी काळेच. पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. नुसतं ऐका. भारद्वाजाचं खोल घुमणारं कुक-कुक-कुक, तांबटाची ठोके मोजल्यासारखी टुक-टुक, कुटुर्ग्याचं न थांबणारं कुटुर-कुटुर, आणि आता आता गळा मोकळा करू लागलेला कोकीळ. हे चार आवाज पहिल्या दिवशी पक्के झाले तरी सकाळ सार्थकी लागली, कारण पुढचे तीन महिने हेच चौघे तुमच्या खिडकीबाहेर ओरडणार आहेत. मध्येच पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों येईल, त्याची नोंद नको.

मग दुर्बीण. तळ्याच्या डाव्या टोकापासून उजवीकडे सावकाश, एक पट्टा. बहुतेक गर्दी अडईंची निघेल: तांबूस, लांब मानेची, उडताना शीळ घालणारी बदकं. ती इथलीच, कुठे जाणार नाहीत. त्यांच्यात पाहुणे शोधा. तलवार बदकाची शेपटी टोकदार आणि मान बारीक, नराच्या तपकिरी डोक्यावरून पांढरी रेघ मानेवर उतरते. थापट्याची चोच पुढे पसरट, पाण्यात तोंड खुपसून तो सरळ रेषेत चालतो. नर भुवई बदकाची पांढरी भुवई एवढी ठळक की दुसरी खूण लागत नाही. हे तिघंही उत्तरेकडे मध्य आशिया आणि सायबेरियाच्या बाजूला जाणारे, आणि मार्चमध्ये दर आठवड्याला त्यांची संख्या कमी होताना दिसते.

तेवढ्यात अख्खं तळं एकदम उठलं तर वर बघा. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, पाण्यावर खाली खाली तरंगत येणारा तपकिरी शिकारी म्हणजे दलदलीचा भोवत्या. तो येऊन गेला की बदकं दोन-तीन फेऱ्या मारून पुन्हा बसतात. या फेऱ्यांमध्ये पंखांचे रंग दिसतात, जे बसलेल्या बदकात झाकलेले असतात. अशा वेळी फोटोच्या मागे लागू नका, फक्त पंख बघा.

पक्षी ओळखताना स्वतःला ठरावीक प्रश्न विचारा. आकार केवढा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? चोच कशी? पाय केवढे, कुठल्या रंगाचे? शेपटी हलवतोय का? आणि करतोय काय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी, आणि लोक तोच विसरतात. पाण्याच्या कडेला मागचा भाग सतत वरखाली करत चालणारा तुतवार, शेतात शेपटी हलवत धावणारा धोबी, पाणवनस्पतीच्या पानांवरून लांबच लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी: हे रंग न बघताही ओळखता येतात. पक्षी समोर असेपर्यंत पुस्तक किंवा फोन उघडायचा नाही. बघून घ्या, दोन ओळी लिहा, मग शोधा.

साडेनऊपर्यंत आवरा. त्यानंतर पाण्यावरून उन्हाची तिरीप येते, बदकं झोपतात, आणि तुम्हालाही चहा-पाव हवा असतो.

कपडे बदलणारे

मला या ऋतूत सगळ्यात आवडतं ते हे. एकाच जागी दहा-बारा दिवसांच्या अंतराने गेलात तर तोच पक्षी वेगळा दिसतो.

मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवे बसतात. त्यातले मोठ्या संख्येने असतात ते तपकिरी डोक्याचे कुरव, पण नाव ऐकून गेलात तर फसाल, कारण थंडीत त्यांचं डोकं पांढरंच असतं आणि डोळ्यामागे शाईचं बोट लागल्यासारखा एक डाग. फेब्रुवारी सरताना हा डाग पसरू लागतो. कोणाचं डोकं मळकट, कोणाचं अर्धं, कोणाचं पूर्ण चॉकलेटी झालेलं, कडेला रंग आणखी गडद. एकाच थव्यात या सगळ्या पायऱ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. घरटी घालायला ते लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडे जातात, तिकडच्या लग्नाची ही तयारी. त्याच वाळूवर चिखल्यांची छाती बघा. राखाडी छातीवर विटकरी पट्टा उमटायला लागला असेल.

गावातल्या गावात बघायचं असेल तर जांभळा शिंजीर. थंडीत नर पिवळसर पोटाचा, आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एकच काळी रेघ ओढलेली. फेब्रुवारीत त्या रेघेच्या बाजूला निळे-जांभळे ठिपके दिसू लागतात आणि अंग ठिगळं लावल्यासारखं होतं. पूर्ण रंग आला की उन्हात चमकतो आणि सावलीत कोळशासारखा काळा दिसतो. जास्वंदीच्या कुंपणाशी उभे राहिलात तर दुर्बीणही लागत नाही. शेतातली ढोकरी आणि गायबगळे मात्र सावकाश बदलतात, मार्च संपता संपता ढोकरीच्या पाठीवर गर्द तांबडा रंग आणि गायबगळ्याच्या डोक्यावर केशरी झाक.

आणि विजेच्या तारा. खाजनाच्या रस्त्याने जाताना तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसलेल्या दिसतात. निघण्याआधीची ही जमवाजमव असते.

बांधावर आणि खारफुटीत

चोडणला जायचं तर रायबंदरहून फेरीबोट. मांडवीच्या काठचं सलीम अली पक्षी अभयारण्य अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं, आणि त्यात खारफुटीतून जाणारी पायवाट. इथे पक्षी कमी दिसतात, ऐकू जास्त येतात, म्हणून ही दुसऱ्या-तिसऱ्या सकाळची जागा. खंड्यांसाठी या. पांढऱ्या गळपट्टीचा निळा-हिरवा खंड्या खारफुटी सोडून फारसा कुठे जात नाही, तो इथे भेटतो.

त्याहून सोपी जागा म्हणजे कुठल्याही खाजनाची मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीला दार उघडून आतलं पाणी बाहेर वाहतं, त्यासोबत मासळी, आणि दाराशी बगळे रांग लावून उभे. एका जागी उभं राहून मोठा बगळा, छोटा बगळा, ढोकरी, खंड्या हे सगळे शेजारी शेजारी तुलना करून बघता येतात. मानशीवर जाळं लावणाऱ्याला आधी विचारा, त्याच्या जाळ्याच्या आड उभे राहू नका. तो "कितें पळयतात?" म्हणेलच. दुर्बीण त्याच्या हातात द्या. पुढच्या वेळी कुठला पक्षी कुठे बसतो हे तोच सांगेल.

कुंभारजुव्याच्या कालव्याच्या बाजूला असाल तर पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. तिथे मगरी आहेत. दुर्भाटच्या बाजूला लोक पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात, त्याला मानगे थापणी म्हणतात, ते उगाच नाही.

जंगल नंतर

बोंडला, मोलें, तांबडी सुर्ला, खोतीगाव, नेत्रावळी. नावं ऐकूनच लोकांना पहिल्याच रविवारी तिकडे जायचं असतं. थोडं थांबा. तळ्यावर आणि गावात वीस-पंचवीस पक्षी ओळखता यायला लागले की मग जंगलात जा, म्हणजे नवीन काय ते कळेल. बोंडला गुरुवारी बंद असतं, हे गाडी काढण्याआधी लक्षात असू द्या.

गेल्यावर चालत सुटू नका. फुललेली काटेसावर किंवा पांगारा शोधा आणि सूर्य पाठीशी घेऊन तासभर तिथेच बसा. हरेवा, कोतवाल, शिंजीर, मैना, कुटुर्गा, सगळे पाळीपाळीने त्या झाडावर येतात. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळामागे ओढ्याच्या कडेला गोव्याचा राज्यपक्षी बघायला मिळू शकतो: काळं डोकं, पिवळं अंग, गळा लालभडक, आणि डोळा पांढुरका. हा बुलबुल पश्चिम घाटातलाच. मार्चमध्ये पावशाही ओरडायला लागतो. तो फक्त पावसाच्या तोंडावरच ओरडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर ऐकावा.

पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं मर्लिन ॲप फोनवर चालतं, वापरा, पण जंगलात त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका. शेपटीला दोन पिसांचे झुबके असलेला भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. ॲपने पाच नावं दाखवली आणि झाडावर तो एकटाच बसलाय, असं होतं. दिसला तर लिहा, नुसता ॲपने सांगितला तर कंसात लिहा.

धनेशांची वीण याच महिन्यांत. मादी झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर तिला आणि पुढे पिल्लांनाही बाहेरून भरवतो. ढोलीखाली माणसं उभी राहिली तर नर खाऊ घेऊन लांबच्या झाडावर बसून राहतो, आत सगळे उपाशी. म्हणून ढोली सापडली तर लांबूनच बघून निघा आणि तिची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर या दिवसांत मुळीच नको. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं वाटून तो सगळं टाकून धावतो.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर गेलात तर पायाखाली बघून चाला. टिटवी आणि चंडोल उघड्यावरच अंडी घालतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की समजा तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात, आल्या वाटेने मागे फिरा.

आरोग्याचं एक, आणि हे टाळू नका. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि कोरड्या महिन्यांतच त्याचा जोर असतो. पूर्ण बाह्या, लांब पँट मोज्यात खोचलेली, पाल्यावर बसणं नको, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ लगेच. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. आणि मार्चमधलं रान सुकलेलं असतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात किती ठिकाणी वणवे पेटले ते आठवा, आणि बिडी-सिगारेट गाडीतच ठेवा.

वहीत काय लिहायचं

तारीख, तिथी, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, पक्षी आणि अंदाजे संख्या. इतकंच. किनाऱ्यावर असाल तर भरती की ओहोटी तेही. नाव कळलं नाही तर वर्णन लिहा, मागाहून कधीतरी उलगडतं. याच नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या अभ्यासकांच्याही कामाला येतात. तिथे ओळखता आलेले सगळे पक्षी टाका, फक्त विशेष वाटलेले नकोत. कावळा आणि घारही मोजायच्या. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, भारतातून २०१३ पासून लोक तिच्यात भाग घेतात. परसातून पंधरा मिनिटं मोजलंत तरी चालतं, पहिली यादी टाकायला तो चांगला मुहूर्त.

वहीच्या मागच्या पानावर एक वेगळी यादी ठेवा: कोण शेवटचं कधी दिसलं. तलवार बदक, भुवई बदक, माळभिंगरी, हळद्या, स्वर्गीय नर्तक, नवरंग. प्रत्येकासमोर तारीख खोडून नवी लिहीत जा. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेकांच्या तारखा बदलायच्या थांबतील. त्याखाली दोन ओळी रिकाम्या सोडा. एक तिबोटी खंड्याची, जो पहिल्या पावसासोबत जूनमध्ये येईल, आणि दुसरी ऑक्टोबरात परतणाऱ्या पहिल्या धोब्याची.